कार्यरांग, पार्श्वभूमीवरील

कार्यरांग, पार्श्वभूमीवरील : वेब सर्व्हरकडे आलेल्या मागणीतील वेळखाऊ भाग बाजूला नोंदवून ठेवणे आणि मागणी करणाऱ्यास न खोळंबविता तो नंतर पार पाडणे, यासाठी योजलेल्या व्यवस्थेस पार्श्वभूमीवरील कार्यरांग म्हणतात. ई-मेल पाठविणे, छायाचित्राच्या लहान प्रती तयार करणे, पावती किंवा गुणपत्रक छापण्यायोग्य करणे, दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती मागविणे इ. कामे या प्रकारात मोडतात. या व्यवस्थेचे तीन घटक असतात : काम नोंदविणारा कार्यक्रम, नोंदी टिकवून धरणारी रांग आणि रांगेतून एकेक काम उचलून ते पार पाडणारी स्वतंत्र प्रक्रिया. या प्रक्रियेस सामान्यतः ‘वर्कर’ असे म्हणतात. मोठ्या उद्योगांत या प्रत्येक घटकासाठी वेगळे संगणक व वेगळे तंत्रज्ञ असतात. लहान शाळा, ग्रंथालय, प्रकाशनसंस्था किंवा दुकान यांच्याजवळ मात्र बहुधा एकच सर्व्हर व त्याकडे अधूनमधून लक्ष देणारी एकच व्यक्ती असते. अशा ठिकाणी कोणती रांग योजावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक व गौण वाटतो. परंतु ‘आपले शुल्क जमा झाले, पावती पाठवीत आहोत’ असे सर्व्हरने एकदा सांगितल्यावर ती पावती खरोखर जाते की नाही, गेलीच तर एकदाच जाते की दोनदा, हे सर्वस्वी त्या निवडीवर अवलंबून असते. गेल्या सु. ६० वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे पुढे आली, त्यांचा विकास लक्षात घेतल्यास आजची निवड पुष्कळ सोपी होते.

पूर्वेतिहास : रांगेचा शास्त्रीय विचार संगणकाच्या जन्मापूर्वीच सुरू झाला. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्या यदृच्छया येतात असे गृहीत धरून त्यांचे गणित मांडले. ठराविक लोकांना सेवा देण्यासाठी किती तारा व किती दूरध्वनिचालक लागतील, हा त्यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. मागणी आणि सेवा यांतील याच नात्यातून पुढे रांग-सिद्धांत ही गणितशाखा विकसित झाली.

संगणकाच्या आरंभीच्या काळात यंत्र अतिशय महाग व त्या मानाने माणसाचा वेळ स्वस्त, अशी स्थिती होती. त्यामुळे कामे गोळा करून एकामागून एक चालविण्याची गट-प्रक्रियेची पद्धत रूढ झाली. वापरणारा छिद्रित पत्रांचा गठ्ठा संगणक केंद्रात देई आणि काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घेऊन जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तेव्हा भारतातील संशोधकांनाही याच पद्धतीने कामे करून घ्यावी लागत. त्या काळी रांगेत थांबणे माणसाच्या वाट्याला येई आणि यंत्र क्षणभरही रिकामे राहू नये, हे रांगेचे उद्दिष्ट असे. आजच्या वेब सर्व्हरवर हेच उद्दिष्ट उलट झाले आहे : थांबावयाचे ते कामाने, माणसाने नव्हे.

गणनयंत्राच्या मानाने पत्रवाचक व मुद्रक फार मंद असल्याने गणक त्यांच्यासाठी अडून राही. त्यावर तोडगा म्हणून मजकूर आधी चुंबकीय फितीवर वा तबकडीवर साठवून सवडीने छापण्याचे तंत्र पुढे आले. त्यास ‘स्पूलिंग’ असे नाव मिळाले. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलास या संगणकाच्या पर्यवेक्षक कार्यक्रमात अशी सोय अंगभूत होती. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाच्या ह्यूस्टन येथील केंद्रात आयबीएम ३६० मालिकेतील संगणकांसाठी तयार झालेली ‘हॅस्प’ ही प्रणाली तर स्पूलिंग व कामांचा अग्रक्रम या दोन गोष्टींसाठीच ओळखली जाई. मंद कामामुळे जलद काम अडू नये म्हणून दोहोंच्या मध्ये टिकाऊ साठा ठेवावयाचा, ही आजच्या कार्यरांगेमागील मूळ कल्पना या काळातच सिद्ध झाली होती.

यूनिक्समधील रांगा : बेल प्रयोगशाळांत विकसित झालेल्या यूनिक्स या प्रचालन प्रणालीने ही कल्पना लहान संगणकांवर आणली. १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ हा कार्यक्रम होता. तो दर मिनिटास जागा होऊन एक सारणी वाची व त्या मिनिटासाठी नेमलेली कामे सुरू करी. एखादे काम पुढील ठराविक वेळी एकदाच करावयाचे असल्यास ‘ॲट’ ही आज्ञा उपयोगी पडे. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये तयार केलेली क्रॉनची आवृत्ती पुढे विविध यूनिक्ससदृश प्रणालींत सर्वत्र पसरली व तिचे वंशज आजही असंख्य सर्व्हरांवर चालू आहेत.

त्याच सातव्या आवृत्तीसोबत आलेली ‘यूयूसीपी’ ही सोय दोन संगणकांमध्ये दूरध्वनीवरून फाइली नेई. जोडणी मिळेपर्यंत पाठवावयाची प्रत्येक गोष्ट तबकडीवरील एका विशिष्ट निर्देशिकेत फाइलच्या रूपाने पडून राही. मुद्रकाची रांग व ई-मेलची रांग यांचीही रचना अशीच होती. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा कार्यक्रम पत्र घेतल्यावर ते तबकडीवर नोंदवी, पोहोचविण्याचा प्रयत्न करी आणि तो फसल्यास ठराविक अंतराने पुन्हा प्रयत्न करी. कार्यरांगेतील एक महत्त्वाचे तत्त्व ई-मेलच्या या व्यवहारात स्पष्टपणे दिसते. ते म्हणजे, पत्र स्वीकारल्याची पोच देण्यापूर्वी ते टिकाऊ माध्यमावर लिहिले गेले पाहिजे. पोच आधी व लेखन मागाहून, असा क्रम ठेवल्यास मधल्या क्षणी वीज गेली तर पत्र नाहीसे होते आणि ते नाहीसे झाल्याचे पाठविणाऱ्यालाही कळत नाही.

सैद्धांतिक पाया : एक प्रक्रिया कामे निर्माण करीत असता दुसरीने ती उचलावी आणि दोघींनी एकमेकींच्या लेखनावर पाणी पाडू नये, हा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९६५ मध्ये ‘सेमाफोर’ या कल्पनेच्या साहाय्याने सोडविला. उत्पादक व उपभोक्ता या नावाने तो आजही पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो.

रांगेची लांबी व थांबण्याचा काळ यांचे नाते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. व्यवस्थेत सरासरीने असलेल्या कामांची संख्या ही कामे येण्याचा सरासरी वेग व एका कामाचा व्यवस्थेतील सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. लहान सर्व्हरच्या दृष्टीने याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एकच वर्कर आहे, एका कामास सरासरी २ सेकंद लागतात आणि कामे यदृच्छया येतात. म्हणजे तो मिनिटास जास्तीत जास्त ३० कामे उरकू शकतो. रांग-सिद्धांतातील सर्वांत सोप्या प्रतिमानानुसार मिनिटास २० कामे येत असता एक काम येऊन पूर्ण होईपर्यंत सरासरी ६ सेकंद जातात. कामांची संख्या २७ झाली, तर हा काळ २० सेकंद होतो आणि २९ झाली, तर पूर्ण ६० सेकंद. २७ वरून २९ ही वाढ केवळ दोन कामांची. पण थांबण्याचा काळ तिप्पट होतो. ३० किंवा त्याहून अधिक कामे सातत्याने येऊ लागल्यास रांग कधीच संपत नाही. रांगेचे कोणतेही सॉफ्टवेअर हे गणित बदलू शकत नाही. तात्पुरती गर्दी सामावून घेणे एवढेच रांगेचे सामर्थ्य असते; सततचा तुटवडा ती भरून काढीत नाही.

तिसरा प्रश्न खात्रीचा आहे. अविश्वसनीय मार्गावरून निरोप पाठविणाऱ्या दोन पक्षांना, समोरच्यास निरोप मिळाला व आपली पोचही त्यास मिळाली, अशी परस्परांची पूर्ण खात्री कधीच करून घेता येत नाही. १९७५ मध्ये मांडण्यात आलेला हा निष्कर्ष ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने प्रसिद्ध आहे. वर्करने ई-मेल पाठविली आणि ‘काम झाले’ अशी नोंद करण्यापूर्वीच तो बंद पडला, तर रांगेला काय घडले ते कळण्याचा मार्ग नसतो. काम पुन्हा द्यावे, तर पत्र दोनदा जाण्याचा संभव; न द्यावे, तर ते मुळीच न जाण्याचा संभव. म्हणून प्रत्येक कार्यरांगेस ‘फार तर एकदा’ किंवा ‘निदान एकदा’ यांपैकी एक धोरण पत्करावे लागते. दुसरे धोरण पत्करल्यास काम दोनदा केले तरी परिणाम एकदा केल्यासारखाच व्हावा, अशी त्याची रचना करणे ही जबाबदारी कार्यक्रम लिहिणाऱ्यावर येते. उदा., ‘शिल्लक रकमेत १०० रु. मिळवा’ असे काम न नोंदविता ‘अमुक क्रमांकाची पावती जमा करा’ असे नोंदवून तो क्रमांक आधी जमा झाला आहे काय, हे पाहावे लागते.

व्यापारी संदेशरांगा : बँका, विमानकंपन्या व कारखाने यांच्या व्यवहारांसाठी १९६० नंतर मोठ्या संगणकांवर रांगांचा उपयोग होऊ लागला. अपोलो अंतराळ मोहिमेच्या सामग्रीचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून निर्माण झालेली ‘आयएमएस’ ही आयबीएमची प्रणाली १९६८ मध्ये चालू झाली. दूरच्या टर्मिनलवरून येणारे संदेश ती रांगेत ठेवून त्यांवर प्रक्रिया करी.

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी उभारून शेअरबाजारातील उलाढालीची माहिती एकाच वेळी अनेक कार्यक्रमांना पुरविणारी ‘इन्फर्मेशन बस’ ही व्यवस्था बाजारात आणली. तीत रांगेपेक्षा प्रसारणावर भर होता. पण माहिती देणारा व घेणारा यांनी एकमेकांस ओळखण्याची गरज नाही, हे तत्त्व तिच्यामुळे व्यापारी जगतात रुजले. रॉयटर्सने ती कंपनी १९९४ मध्ये विकत घेतली व तिच्याच पायावर १९९७ मध्ये टिब्को ही कंपनी स्थापन झाली. दरम्यान आयबीएमने १९९३ मध्ये ‘एमक्यूसिरीज’ ही निरनिराळ्या जातींच्या संगणकांना जोडणारी संदेशरांग प्रसृत केली होती.

ही उत्पादने महाग व परस्परांशी विसंगत होती. जेपी मॉर्गन चेस या बँकेतील जॉन ओहारा यांनी २००३ मध्ये खुल्या संदेश-संकेताचा पाठपुरावा सुरू केला. त्यातून ‘एएमक्यूपी’ हा संकेत व २००७ मध्ये त्यावर आधारलेले ‘रॅबिटएमक्यू’ हे मुक्त सॉफ्टवेअर निर्माण झाले. ते ज्या भाषेत लिहिले आहे, ती एरिक्सन या दूरध्वनी कंपनीत विकसित झाली असून रांग-सिद्धांताच्या जनकाच्या स्मरणार्थ तिचेही नाव एर्लांग असेच आहे. ॲमेझॉनची ‘सिंपल क्यू सर्व्हिस’ ही भाडेतत्त्वावरील रांग २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. या सर्व व्यवस्था अनेक संगणक व अनेक संस्था यांना जोडण्यासाठी योजलेल्या होत्या. एका सर्व्हरवरील एका वर्करसाठी त्या वापरणे म्हणजे घरगुती दळणासाठी गिरणी उभारण्यासारखे होते.

वेबच्या काळातील हलक्या रांगा : १९९३ मध्ये ‘सीजीआय’ हा संकेत रूढ झाल्यावर वेब सर्व्हर मागणीगणिक एखादा कार्यक्रम चालवून उत्तर तयार करू लागला. तो कार्यक्रम संपेपर्यंत वाचकास थांबावे लागे. माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा या संदर्भात महत्त्वाची ठरते. रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ मधील अभ्यासाचा आधार घेऊन याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या : ०.१ सेकंदात मिळालेला प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडते. शिवाय सर्व्हरची एक प्रक्रिया एका मंद कामात अडकली की, तेवढ्या वेळात ती इतर वाचकांच्याही उपयोगी पडत नाही.

सुरुवातीस यावर क्रॉनचाच तोडगा काढला जाई. डेटाबेसमधील एका सारणीत कामे नोंदवावयाची व दर मिनिटास एका कार्यक्रमाने ती उरकावयाची, ही पद्धत अजूनही टिकून आहे. तिचा दोष असा की, एका फेरीस मिनिटाहून अधिक वेळ लागल्यास दुसरी फेरी तिच्यावर येऊन आदळते व तीच कामे पुन्हा होतात. त्यासाठी ‘फेरी चालू आहे’ असे दर्शविणारे कुलूप ठेवावे लागते.

लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘गिअरमन’ ही कामे वाटून देणारी प्रणाली प्रसृत केली. इंग्रजीतील ‘मॅनेजर’ या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून हे नाव बनविलेले आहे. व्यवस्थापकाप्रमाणे ती स्वतः काम न करता केवळ वाटून देते, असा त्यातील विनोद आहे. फेसबुकवरील ‘कॉजेस’ या ॲप्लिकेशनचा प्रतिसादकाल घटविण्यासाठी कीथ रॅरिक यांनी २००७ मध्ये ‘बीनस्टॉकडी’ ही रांग लिहिली. सी भाषेतील हा छोटा कार्यक्रम हलक्या कार्यरांगेचा नमुना समजला जातो. त्यात प्रत्येक काम तयार, उचललेले, लांबविलेले वा ‘पुरलेले’ अशा चारपैकी एका अवस्थेत असते. काम उचलणाऱ्या वर्करला ठराविक मुदत मिळते. तेवढ्यात त्याने ते पुरे केले नाही, तर ते आपोआप पुन्हा तयार कामांत जाते. वारंवार फसणारे काम पुरून ठेवले जाते व माणसाने लक्ष घालीपर्यंत तेथेच राहते. बंद पडलेल्या वर्करमुळे काम हरवू नये आणि एका बिघडलेल्या कामामुळे सारी रांग तुंबू नये, या दोन्ही गोष्टी त्यामुळे साधतात.

रूबी भाषेच्या वर्तुळात या काळात झपाट्याने प्रयोग झाले. शॉपिफाय या कंपनीतील टोबिआस ल्युट्के यांची ‘डिलेड जॉब’ ही व्यवस्था २००८ च्या सुमारास खुली झाली. तिची रांग म्हणजे नेहमीच्याच डेटाबेसमधील एक सारणी असून अग्रक्रम, प्रयत्नांची संख्या, शेवटची चूक, काम करण्याची वेळ व ते कोणी कुलूपबंद केले आहे, हे तिचे मुख्य स्तंभ होत. फसलेल्या कामाचा पुढील प्रयत्न प्रयत्नसंख्येचा चतुर्थ घात अधिक ५ इतक्या सेकंदांनी होतो. त्यामुळे पहिले काही प्रयत्न लागोपाठ होतात, तर २५ प्रयत्न पुरे होण्यास सु. २० दिवस लागतात. क्षणिक बिघाड व दीर्घ बिघाड या दोहोंची सोय एकाच सूत्राने लावलेली दिसते.

गिटहब या संस्थेने एकामागून एक अनेक रांगा वापरून पाहिल्या व २००९ मध्ये स्वतःची ‘रेस्क’ ही रांग प्रसृत केली. तिचा आधार सॅल्व्हातोरे सान्फिलिप्पो या इटालियन कार्यक्रमकाराने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला ‘रेडिस’ हा स्मृतीत चालणारा साठा होता. यादीच्या एका टोकास घालणे व दुसऱ्या टोकाकडून काढणे या क्रिया रेडिस अत्यंत वेगाने करतो. याच वर्षी पायथन भाषेसाठी आस्क सोलेम यांची ‘सेलरी’, २०११ मध्ये चार्ल्स लायफर यांची आटोपशीर ‘ह्यूई’ व २०१२ मध्ये रूबीसाठी माइक पेरहॅम यांची ‘साइडकिक’ या व्यवस्था आल्या. रेस्क प्रत्येक कामासाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करी. साइडकिकने एकाच प्रक्रियेत अनेक सूत्रे चालवून स्मृतीची मोठी बचत केली. अल्प स्मृतीच्या सर्व्हरच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

रेडिसच्या वेगाचे मोलही लक्षात घेतले पाहिजे. त्यातील माहिती मूलतः स्मृतीत असते. ती अधूनमधून तबकडीवर उतरविली जाते किंवा प्रत्येक बदलाची नोंदवही ठेवली जाते. परंतु नोंदवही दर सेकंदास तबकडीवर लिहिण्याची व्यवस्था असेल, तर वीज जाताच शेवटच्या सेकंदातील कामे नाहीशी होऊ शकतात. नोंदवही मुळीच नसेल, तर काही मिनिटांची कामे जातात. २०२४ मध्ये रेडिसच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली ‘व्हॅल्की’ ही स्वतंत्र शाखा निघाली. २०२५ मध्ये रेडिस पुन्हा मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. लहान संस्थेने पत्करलेला प्रत्येक जादा घटक असा तिच्या हाताबाहेरच्या घडामोडींशी तिला बांधून टाकतो.

डेटाबेसकडे पुनरागमन : व्यवहार-प्रक्रियेचे एक प्रमुख अभ्यासक जिम ग्रे यांनी १९९५ मध्ये ‘रांगा म्हणजे डेटाबेसच होत’ असे प्रतिपादन करणारा एक छोटा लेख लिहिला. टिकाऊपणा, कुलूपव्यवस्था, बिघाडानंतरची पुनःस्थापना आणि अधिकारांचे नियंत्रण यांची रांगेला गरज असते. डेटाबेसमध्ये ही सर्व असतातच. मग ती दुसऱ्यांदा का उभारावीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

लहान सर्व्हरच्या बाबतीत त्यात आणखी एका कारणाची भर पडते. शुल्काची नोंद डेटाबेसमध्ये व पावती पाठविण्याचे काम रेडिसमध्ये असेल, तर ही दोन लेखने एकाच व्यवहारात बसत नाहीत. शुल्काची नोंद पक्की होण्यापूर्वी काम रांगेत गेले, तर चपळ वर्करला ती नोंद सापडतच नाही. काम मागाहून नोंदवावयाचे म्हटले, तर मध्येच सर्व्हर बंद पडल्यास शुल्क जमा पण पावती नाही, अशी स्थिती होते. दोन्ही नोंदी एकाच डेटाबेसमध्ये असल्यास त्या एकत्रच पक्क्या होतात किंवा एकत्रच रद्द होतात.

डेटाबेसवरील रांगेची अडचण निराळी होती. अनेक वर्कर एकाच वेळी सारणीतील पहिल्या ओळीवर तुटून पडत आणि एकाने ती कुलूपबंद केली की बाकीचे तिच्यासाठी थांबून राहत. जानेवारी २०१६ मध्ये प्रसृत झालेल्या पोस्टग्रेस्क्यूएलच्या ९.५ या आवृत्तीत ‘स्किप लॉक्ड’ ही सोय आली. दुसऱ्याने कुलूप लावलेली ओळ वगळून पुढची घ्यावी, असे वर्करला तिच्यामुळे सांगता येते. मायएस्क्यूएलच्या २०१८ मधील ८.० या आवृत्तीनेही ती स्वीकारली. यानंतर डेटाबेसवर आधारलेल्या रांगांची नवी पिढी निर्माण झाली. २०२३ च्या अखेरीस प्रसृत झालेली ‘सॉलिड क्यू’ ही तीपैकी एक असून नोव्हेंबर २०२४ मधील रेल्स ८ या चौकटीत ती नव्या ॲप्लिकेशनांसाठी गृहीत निवड ठरली.

रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस याहूनही हलका आहे. त्याला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. सर्व माहिती एका फाइलीत असते. २०१० मधील ३.७.० या आवृत्तीत आलेल्या पूर्वलेखन-नोंदवहीमुळे एक प्रक्रिया लिहीत असता इतरांना वाचता येऊ लागले. एका वेळी एकच लेखक ही त्याची मर्यादा कायम आहे. पण प्रत्येक लेखन अल्प काळात उरकत असल्याने मिनिटास काही शे कामे येणाऱ्या सर्व्हरवरही ती सहसा जाणवत नाही. मात्र काम उचलताना लेखनाचे कुलूप व्यवहाराच्या आरंभीच घ्यावे आणि प्रत्यक्ष काम चालू असताना ते धरून ठेवू नये, हे पथ्य पाळावे लागते.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून लहान सर्व्हरसाठी पुढील क्रम सयुक्तिक ठरतो. वेब सर्व्हरच्याच प्रक्रियेत वेगळे सूत्र सुरू करून काम उरकणे सर्वांत सोपे असते; पण सर्व्हर पुन्हा सुरू करताच अर्धवट कामे नष्ट होतात. म्हणून हरवली तरी चालतील अशाच कामांसाठी, उदा., वाचकसंख्येची मोजदाद, ही पद्धत योग्य होय. रात्रीचा गोषवारा किंवा जुन्या फाइलींची साफसफाई यांसारख्या ठराविक वेळच्या कामांस क्रॉन पुरेसा असून त्यासाठी रांगेची गरज नसते. पावती, परवलीच्या शब्दाचे पत्र, निकाल इ. हरवून चालणार नाहीत अशा कामांसाठी, सर्व्हरवर आधीपासून असलेल्या डेटाबेसमधील सारणी व एक-दोन वर्कर ही व्यवस्था पहिली निवड असावी. वर्करने दर सेकंदास सारणी तपासली, तरी दिवसाकाठी ८६,४०० लहान प्रश्नच डेटाबेसवर पडतात व हा भार नगण्य असतो. रेडिस आधीच वापरात असेल, कामे अल्पजीवी व पुष्कळ असतील आणि एखाद्या सेकंदाची हानी सोसण्याजोगी असेल, तर त्यावरील रांग सोयीची पडते. रॅबिटएमक्यूसारखा स्वतंत्र मध्यस्थ अनेक सर्व्हर वा अनेक भाषांतील कार्यक्रम जोडावयाचे असतील तेव्हाच योजावा.

कोणतीही रांग निवडली, तरी काही गोष्टी टाळता येत नाहीत. प्रत्येक कामास मुदत असावी. फसलेल्या कामाचे प्रयत्न वाढत्या अंतराने व मर्यादित संख्येने व्हावेत. अखेर फसलेली कामे नष्ट न करता वेगळी ठेवावीत व ती माणसाच्या दृष्टीस पडावीत. कामाच्या नोंदीत संपूर्ण माहिती न भरता तिचा केवळ क्रमांक ठेवावा, म्हणजे वर्कर ताजी माहिती वाचू शकतो. वर्कर बंद पडल्यास तो आपोआप पुन्हा सुरू होण्याची व्यवस्था प्रचालन प्रणालीकडे सोपवावी. पुरी झालेली कामे सारणीतून नियमितपणे काढून टाकावीत. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एखादा व्यवहार दीर्घकाळ उघडा राहिल्यास काढलेल्या ओळींची जागा मोकळी होत नाही व रांग मंदावते. यांशिवाय सर्वांत जुने काम किती वेळ थांबले आहे, हा एक आकडा रोज पाहावा. रांगेत कामे किती आहेत यापेक्षा तो आकडा अधिक बोलका असतो. कारण वर्कर मृत झाल्याचे प्रथम त्यावरूनच कळते.

महत्त्व : गट-प्रक्रियेच्या काळात काम स्वीकारणारा कर्मचारी गठ्ठा ताब्यात घेई आणि त्याची नोंद करी; गठ्ठा गहाळ झाल्यास विचारणा कोणाकडे करावयाची, हे ठाऊक असे. आजच्या वेब सर्व्हरवर हा दुवा अदृश्य झाला आहे. ‘आपली विनंती स्वीकारली’ हे वाक्य पडद्यावर उमटले की मागणी करणारा निश्चिंत होऊन निघून जातो व त्यानंतर काय घडते याचा त्यास पत्ता नसतो. पावती न मिळालेला विद्यार्थी किंवा दोनदा रक्कम कापली गेलेला ग्राहक यांना रांगेचे अस्तित्वही माहीत नसते. मोठ्या उद्योगांत अशा चुका शोधण्यासाठी स्वतंत्र कर्मचारिवर्ग असतो; लहान संस्थेत त्या शोधणारे सहसा कोणी नसते. म्हणून तेथील कार्यरांगेत वेगापेक्षा टिकाऊपणा आणि सोयींच्या संख्येपेक्षा सुबोधता यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. जी व्यवस्था सांभाळणाऱ्या एकट्या व्यक्तीस एका साध्या प्रश्नाने तपासता येते व बिघडल्यास दुरुस्त करता येते, ती अशा ठिकाणी सर्वांत हलकी समजावी.